बिनस्लॅबाचं जेवण

माझी चूक एकच झाली. नात राजनंदिनी आर्किटेक्ट झाली आणि कसबा बावड्यातल्या आमच्या जुन्या लाकडी घराचं काम तिनं हातात घेतलं. तिला न विचारताच मी गल्लीत सांगून बसले, "स्लॅब पडला की समद्यांना मटणाचं जेवण!" स्लॅबच्या दिवशी लोक गवंड्यांना जेवू घालतात. मी अख्खी गल्ली बोलावली. आपलं काय, तोंड एकदा सुटलं की सुटलं.

नात म्हणाली, "आज्जी, स्लॅब टाकायचाच नाही. हे सागवानी खांब तुझ्याहून धट्टेकट्टे आहेत. मातीच्या भिंती काढायच्या, घर दोन फूट उचलायचं, मग नव्या भिंती. पुराचं पाणी परत आत येणार नाही."

"उचलायचं? घर हाय का पाटी हाय, डोक्यावर घ्यायला?"

समोरच्या अंबूबाईच्या घराला दोन स्लॅब. तिला हे कळल्यावर ती गप्प बसतीय होय!

"काय गं विठा, सागवानावर स्लॅब उगवला का न्हाय अजून?"

"रविवारी संध्याकाळी जेवायला ये!" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण स्लॅबच नाही, तर जेवण कशाचं घालू? मेल्यावरसुद्धा हसली असती ती मला.

रविवारी सकाळी आकाराम सुतारानं बारा खांबांना बारा जॅक लावले, ट्रकला लावतात तसले. कौलं उतरवलेली, भिंती पाडलेल्या, नुसता सांगाडा उभा. राजनंदिनीनं शिट्टी मारली की बारा गडी एकदम एक पिळा द्यायचे. घर असं कुरकुरलं, की मी डोळेच मिटले.

"पडतंय गं बया!" अंबूबाई ओरडली.

डोळे उघडले, तर घर बोटभर वर! दुसरी शिट्टी, आणखी बोटभर. गल्लीतले सगळे कामंधामं टाकून मोजत बसले. दिवस कलायला घर दोन फूट वर होतं आणि त्याच्याखालून शेजारचं मांजर ऐटीत चाललं होतं.

पंगत बसली. अंबूबाईनं विचारलंच, "स्लॅब कुठं हाय?"

"स्लॅब कुणीबी टाकतंय. घर उचलल्याचं जेवण कवा खाल्लंयस का?"

गल्ली खदाखदा हसली. अंबूबाईनं रश्श्याच्या तीन वाट्या ओढल्या, चौथी हातात धरली आणि हळूच नातीला विचारलं, "पोरी, आमचं दोन मजली उचलतंय का गं?"

नातीआधी मीच म्हटलं, "आधी वाटी खाली ठेव. मग घर वर घिऊ."