मॉनिटरमागचा खटका

हॅलोकाकांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले. तारेत कितीही खरखर असो, पलीकडच्याने सांगितलेला नंबर त्यांना पहिल्या झटक्यात कळायचा. त्यामुळे अवघड कॉल आला की सगळे तो यांच्याकडे सरकवायचे. काका निवृत्त झाले, पण कानांचा तोरा काही निवृत्त झाला नाही. "आमचे कान म्हणजे कान होते" हे वाक्य ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून कुणी पाहुणा सुटला नसेल. त्याच काकांना आता समोरच्याचं बोलणं अर्धं कळायचं आणि उरलेलं अर्धं ते ठोकून द्यायचे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रातच. घरात काका आणि सून. सून गाण्यांचं मिक्सिंग करायची. वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र आणून कुणी पुढे उभं राहायचं आणि कुणी मागे, हे ती ठरवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं आणि त्यावर दोन काळे स्टुडिओ मॉनिटर. साधे स्पीकर गाण्याला पावडर-लाली लावून समोर आणतात, हे मात्र असेल ते तोंडावर सांगतात, असं ती म्हणायची. घरात स्पीकरची आणखी एक जोडी ठेवायला जागा कुठली? म्हणून दिवसा त्यांवर तिचं काम चाले आणि संध्याकाळी काकांच्या बातम्या, मुलाखती, जुनी गाणी.

काकांना ते मॉनिटर देवासारखे भेटले होते. त्यांतून शब्द कसे सुटे सुटे यायचे. पण पुढे पुढे तेही पुसट व्हायला लागले. 'स' आणि 'फ' तर कुठे गळून पडायचे कोण जाणे. एकदा धूळ पुसताना उजव्या मॉनिटरच्या पाठीमागे त्यांच्या बोटाला एक बारीक खटका लागला. तसाच डाव्यालाही होता. दोन्ही त्यांनी वर सरकवले आणि बातम्या लावल्या. बातम्या देणारी बाई समोरच्या खुर्चीत येऊन बोलावी इतकं स्पष्ट ऐकू आलं. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. रेडिओचं बटण फिरवावं तसंच हे, कुणाचं काय जातंय, असा विचार करून त्यांनी खटके तसेच राहू दिले.

जायचं ते सुनेचं गेलं. त्या खटक्याने आवाजातला तीक्ष्णपणा वाढत होता. तो टोचायला लागला की सून गाण्यातून तो कमी करायची. मॉनिटर बसवले त्या दिवशी खटका मधोमध ठेवलेला, त्याच्याकडे परत कोण बघतंय? ती तेव्हा एका गायिकेच्या पहिल्या अल्बमवर काम करत होती. गायिकेने गाणं परत पाठवलं. "ताई, मी तोंडावर पांघरूण घेऊन गातेय असं वाटतंय." दुसऱ्या गाण्याचंही तेच झालं.

"बाबा," सून जेवताना म्हणाली, "मला जे टोचतंय ते दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाहीये. माझे कान गेले वाटतं."

ती समोर बसली होती, म्हणून काकांना शब्द न् शब्द कळला. खटक्याचा आणि याचा काय संबंध, हे त्यांना लख्ख कळलं. खरं सांगायचं तर आपलं बहिरेपण सांगावं लागणार. दुसऱ्या दिवशी सून कान तपासायला गेली तेव्हा काकांनी दोन्ही खटके गुपचूप मधोमध आणले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. संध्याकाळी नुसती कुजबुज ऐकत ते मान डोलवत बसले.

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच. कान ठणठणीत आहेत, असं डॉक्टर म्हणाले. सुनेने त्याचा अर्थ असा लावला की मग दोष आपल्या समजेतच आहे. आता मॉनिटर खरं बोलत होते, पण तिचा विश्वास उडाला होता. जिथे ठीक वाटेल त्याच्याही पुढे तिने तीक्ष्णपणा चढवला. हे गाणं गायिकेच्या कानांत सुईसारखं टोचलं. दुसऱ्या कुणाला दाखवू का, असं तिने फार जपून विचारलं.

सुनेने ठरवून टाकलं. अल्बम परत करायचा, हे कामच सोडायचं आणि एखाद्या ऑफिसात नोकरी धरायची. फोन हातात घेतला आणि मग एकदम ठेवला. दोन्ही मॉनिटरांच्या मधोमध तिने काकांसाठी खुर्ची ओढली.

"बाबा, तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे. एकाच गाण्याचे दोन प्रकार लावते. कानाला कुठलं बरं वाटतं, पहिलं की दुसरं, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

गाणं वाजलं. पुन्हा वाजलं. काकांनी डोळे मिटून घेतले, कपाळाला आठ्या घातल्या, म्हणजे सगळं नाटक यथासांग केलं. दोन्ही वेळा त्यांना एकच गाणं ऐकू आलं. 'पहिलं' म्हणून ठोकून देणं सोपं होतं. सुनेचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

"मला फरक कळत नाही गं," ते म्हणाले. "मला ऐकूच येत नाही. मागचा खटका मी वर केला होता. मग भीती वाटली म्हणून परत मधोमध आणला. तुझे कान चांगले आहेत, बिघडलेत ते माझे."

सून मॉनिटरच्या मागे वाकली. खटका वर केला, खाली केला. मग तिथेच फरशीवर बसली आणि जी भडकली!

"मी वेडी झाले असं वाटत होतं मला! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

"लाज वाटली."

राग होताच, पण आत काहीतरी सुटल्यासारखंही झालं होतं. मग तिला एकदम काहीतरी आठवलं.

"माझं बोलणं तरी कळतं का तुम्हाला?"

"तोंड दिसलं तर कळतं."

"आणि इथे काम करता करता मी बोलते ते? हे म्हणतात अजून सहा महिने येता येणार नाही, मला एकटीला नाही जमत, असं मी रडत रडत म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, होईल सगळं नीट. त्या एका वाक्यावर मी दिवस काढले, बाबा."

"तू रडत होतीस?" काकांनी विचारलं. "तुझी पाठ होती माझ्याकडे. बोलणं कळलं नाही तर मी सगळ्यांनाच तसं म्हणतो."

सुनेला हसू आलं आणि रडूही. ती उठली, आपली चाकाची खुर्ची वळवून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणली आणि त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.