कालव्याकडची वाट मोकळी ठेवा

ज्योत्स्ना मॅडमना शनिवारची धास्ती वाटायला लागली ती हिवाळ्यात. त्यांच्या कॉलेजच्या एनएसएसने दर शनिवारच्या कामासाठी नाशिकच्या कडेची, कालव्यालगतची वसाहत निवडली होती. एका अंगाला ऊस, पलीकडे द्राक्षबागा. त्या उसातून बिबट्या वस्तीत यायचा आणि कुत्री उचलून न्यायचा. मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. बिबट्या एका झेपेत किती अंतर तोडतो हे त्यांना पाठ होतं आणि त्यामुळेच मुलांना घेऊन गल्लीत शिरताना त्या पुन्हापुन्हा डोकी मोजायच्या.

सुरुवातीला वस्तीने त्यांना फारसं जवळ केलं नाही. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले पुंजारामकाका तर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, कॉलेजवाले येतात, हातात झाडू धरून फोटो काढतात आणि जातात. पुढच्या वर्षी दुसरी पोरं, दुसरा बॅनर. तुम्ही किती दिवस येणार?"

"बिबट्या येतोय तोवर," मॅडम म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे काय कबूल करून बसलो आपण!

पण त्या येत राहिल्या. वस्तीतल्या बायकांबरोबर मुलांनी महापालिकेत खेटे घातले आणि उसालगतचा उकिरडा हलवायला लावला, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. बंद पडलेले दिवे सुरू झाले. बुद्धविहारात सगळ्यांनी बसून ठरवलं, की तो दिवसाढवळ्या आत शिरलाच तर घराघराची दारं लावायची, आरडाओरडा करायचा नाही, गर्दी जमू द्यायची नाही आणि कालव्याकडची वाट मोकळी ठेवायची. त्याची तालीमही झाली. हर्षल नावाचा मुलगा बिबट्या झाला होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी तो खरंच आला.

मॅडम विहारात मुलांशी बोलत होत्या. बाहेर कुत्री एकदम केकाटली आणि तितक्याच एकदम गप्प झाली. पुंजारामकाका आत आले. येताच त्यांनी दार ओढून घेतलं.

"आलाय. लताबाईच्या जिन्याखाली बसलाय."

मॅडमनी मुलांवरून नजर फिरवली. तेजल नव्हती. त्याच गल्लीत राहणाऱ्या लताबाईंकडे चहा सांगायला गेलेली तेजल अजून परतली नव्हती.

त्यांनी तेजलला फोन लावला. तो उचलला गेला, पण आधी नुसता श्वासच ऐकू आला. मग तेजल कुजबुजली, "मॅडम, तो दाराबाहेरच आहे. कडी लागत नाहीये, खिळा निघालाय तिचा. मी आणि मावशींनी कॉट लावून धरलीये."

"बोलू नकोस. फोन चालू ठेव. मी इथेच आहे."

तेजल येवल्याची. तिचे वडील हातमागावर पैठण्या विणतात. पोरीला होस्टेलवर सोडायला आले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तुम्ही आहात ना मॅडम, मग आम्हाला घोर नाही."

हर्षलच्या फोनवरून त्यांनी वनविभागाला कळवलं. पथक दुसऱ्या टोकाला गेलं होतं. निघालं होतं, पण वेळ लागणार होता. मग त्याच फोनवरून त्यांनी प्राचार्यांना फोन केला.

"सगळ्या मुलांना घेऊन ताबडतोब निघा," प्राचार्य म्हणाले.

"एक मुलगी आत अडकलीये, सर."

उत्तराची वाट न बघता मॅडमनी फोन ठेवला.

तोवर पुंजारामकाकांनी विहारातला माइक हातात घेतला होता. "घराबाहेर पडू नका. दारं लावा. ठरलंय तसं करा." गल्लीतली दारं एकामागून एक बंद होताना ऐकू येऊ लागली. तालमीत हसलेल्या बायकांनी आता पोरांना आत ओढलं होतं. मॅडमनी मुलांना विहारात कोंडल्यासारखं बसवलं आणि त्या बाहेर आल्या.

वस्तीने आपलं काम चोख केलं होतं. माणसं येत होती ती बाहेरून. मोठ्या रस्त्यावर मोटारसायकली थांबत होत्या. मोबाइल उंच धरून पोरं पुढे सरकत होती. वस्तीतले काही पुरुष गल्लीच्या तोंडाशी हातात हात घालून आडवे उभे राहिले. "मागं व्हा, मागं व्हा," असं दबक्या आवाजात सांगत होते. पण गर्दी छातीने रेटत होती.

त्या गर्दीतून लताबाईंचा मुलगा नवनाथ धावत आला. कामावरून तसाच निघाला होता. हातात लोखंडी गज.

"सरका. माझी आई हाय आत."

मॅडम त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. आपण का उभ्या राहिलो हे त्यांना नंतरही कधी सांगता आलं नाही. "नवनाथभाऊ, थांबा. तुम्ही समोर गेलात तर तो मागे सरकेल, आणि मागे दार आहे. दाराला कडी नाही."

"मग नुसतं बघत बसू? तुमचं काय जातंय?"

"माझी मुलगी आहे आत."

"तुमची?"

"तेजल. माझ्या भरवशावर आलीये ती."

नवनाथने गज खाली घेतला नाही. "मॅडम, तुम्ही सांगताय तसं झालं नाय तर?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही भीती वाटतेय. पण त्याला बाहेर पडायला वाट दिसली पाहिजे."

नवनाथने गज हळूच, आवाज न करता भिंतीशी ठेवला आणि तो पुरुषांच्या त्या साखळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

सगळं तसंच शांत राहिलं असतं तर तो कदाचित आपणहून निघून गेला असता. पण गर्दीतून कुणीतरी दगड भिरकावला. तो जिन्यावरच्या पत्र्यावर आदळला. फोनमधून कॉट फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तेजलची किंकाळी. मॅडमचे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा तो गल्लीत होता. वाटला होता त्यापेक्षा लहान, आणि कितीतरी वेगवान. गर्दी ओरडत सैरावैरा पळाली, साखळी तुटली आणि एक मोबाइलवाला पोरगा थेट त्याच्या समोर पडला. नवनाथने त्या पोराला कॉलरला धरून मागे खेचलं. पुढच्या क्षणी बिबट्याचा पंजा नवनाथच्या खांद्यावरून खाली ओरबाडत गेला. मग तो वळला, समोर कालव्याकडची वाट रिकामी होती, आणि कालव्याच्या कडेने उसात नाहीसा झाला.

तेजल बाहेर आली तेव्हा लताबाईंनी तिला पदराखाली घेतलं होतं, आणि स्वतःच्या मुलाचा भिजलेला शर्ट बघून त्यांनी हंबरडा फोडला.

नवनाथ वाचला. खांद्याला टाके पडले, इंजेक्शनांचा मारा झाला. पण मॅडमना झोप लागेना. गज खाली ठेवायला आपणच लावलं, हे त्यांच्या मनातून जाईना. येवल्याहून तेजलचे वडील आले, मॅडमना न भेटताच पोरीला घेऊन गेले. प्राचार्यांनी काम थांबवल्याचं सांगितलं. मॅडमना, खरं तर, सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

दोन-तीन दिवसांनी पुंजारामकाका, लताबाई आणि वस्तीतल्या बायका प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी मॅडमनाही बोलावून घेतलं.

"पोरं पाठवा सर," काका म्हणाले. "बिबट्या गेला नाही अजून."

"उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" प्राचार्यांनी विचारलं.

लताबाई पुढे झाल्या. "सर, तुमची पोरगी माझ्याजवळ होती. मी तिला टाकून पळाली का?"

प्राचार्य खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "आधी वनविभागाचे लोक मुलांना आणि तुम्हाला एकत्र शिकवतील. पालकांना सगळं उघड सांगू, धोक्यासकट. मग ज्यांना यायचंय ते येतील." मग त्यांनी मॅडमकडे बघितलं. "तुम्ही जाणार?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्या आधी एकट्याच नवनाथला भेटायला गेल्या. तो पालथा पडून होता. त्याच्या उशाशी बसत त्यांनी विचारलं, "माझा राग आलाय का?"

"आला होता," नवनाथ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? अजून हाय थोडा." कूस बदलताना त्याने दात आवळले. "तो दगड मारणारा आपल्यातला नव्हता मॅडम. त्या रस्त्यापल्याडच्या कॉलनीतला होता. तिकडं कुणी जात नाय शिकवायला. तिथं बी जा."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. त्या कॉलनीत ओळखीचं कुणी नव्हतं, आणि ऊस तिच्याही पाठीमागे होता.