तक्त्यावर पडलेला पाना

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. पण विमानाचा पंख शिवणारी बाई जगात एकच झाली, आणि ती माझी धाकटी बहीण. ही काय, समोर चहा गाळतेय.

कार्बनच्या धाग्याच्या कापडाचे थर एकावर एक रचायचे, त्यात राळ मुरवायची, भट्टीत भाजायचं, की पंखाचा तक्ता तयार. वजनाला हलका, ताकदीला पोलाद. खोड एकच: मार बसला की आतले थर सुटतात आणि वर ओरखडाही दिसत नाही. थर दाबून घट्ट करणारी महागडी भट्टी आमच्या प्रयोगशाळेला परवडणारी नव्हती; होती ती साधी. बहिणीने चपलांच्या कारखान्यातलं जुनं मशीन मिळवलं आणि सगळे थर आरपार शिवून काढले; आत फूट पडलीच तर टाक्यापाशी अडावी म्हणून. साहेबांनी बजावलं, तक्ता टिकला तर शिवणखातं राहील, मोडला तर कुलूप.

चाचणीआधी नाण्याने तक्ता ठोकून बघायचं काम माझं. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. माझा कान असा, की भिंतीआडची मुंगी लंगडत असली तरी कळायचं. त्या दिवशी वाऱ्याने कुठूनसा एक पाना उडून तक्त्यावर पडला. पाना कसला, ऐरण म्हणा. मी ठोकून पाहिलं, तर पितळेच्या घंटेसारखा टणटण. कागदावर 'ठीक' लिहून सही केली. मग यंत्राने तक्ता दाबायला घेतला. तास गेला, दोन गेले, यंत्राला घाम फुटला, शेवटी त्याचाच खांब वाकला. तक्ता ढिम्म.

ऐकत बसलेल्या माझ्या जावयाने विचारलं, एवढं जिंकलात, तर शिवणखातं बंद का पडलं? मी म्हटलं, साहेबाचा जळफळाट झाला, दुसरं काय. आणि हिलाही नोकरीचा कंटाळा आलाच होता.

बहिणीने गाळणी खाली ठेवली.

"दादा, तक्ता पहिल्याच मिनिटाला मोडला. पाना तुझ्या हातातून पडला होता. नाण्याचा आवाज बद्द आला, तो मी दारात उभी राहून ऐकला. टाके कच्चे म्हणून मला काढलं, तेव्हाही मी तुझ्याकडेच बघत होते. म्हटलं, आता बोलेल."