पाखरीचा कान

मित्रांनो, मी घोडा आहे, पण उभ्या आयुष्यात गवताची एक काडीही मी चघळलेली नाही. मी प्लॅस्टिकचा, वीतभर उंचीचा, आतून पोकळ आणि आता बराच जुना. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात, हिलाल नानांच्या घरी, काचेच्या कपाटात मी उभा असतो. माझ्या एका बाजूला स्टीलचे पेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला रेडिओ. घरी येणारा प्रत्येक पाहुणा कपाटापुढे थांबतो आणि किती देखणी घोडी आहे म्हणतो. ती स्तुती मला नकोशी वाटते.

माझा जन्म साच्यात झाला. दोन अर्धे भाग वेगळे निघाले, ते पोटावर आणि पाठीवर चिकटवले आणि मी झालो. माझा आकार परदेशातल्या शर्यतीच्या घोड्याचा होता. लांब पाय, सरळ मान, खुंटीसारखे उभे कान. जळगावच्या एका कापड व्यापाऱ्याने मला आपल्या मुलीसाठी घेतले. तिचे नाव रुची. दुकानात कापडाच्या ताग्यांचे डोंगर असत. त्या डोंगरांवरून तिने मला इतके दौडवले की माझ्या खुरांचा रंग उडाला. मग ती मोठी झाली, मी माळ्यावर गेलो. पुढे त्यांनी घर बदलले आणि जुन्या सामानाबरोबर फिरत फिरत मी धुळ्याला आलो. पांझरा नदीच्या पुलाजवळ एक माणूस चादरीवर जुन्या वस्तू मांडून बसायचा. तिथे एका बिनहाताच्या बाहुलीशेजारी मी तीन उन्हाळे काढले.

तिथून मला सदफने उचलले. ही पंचविशीतली मुलगी दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची आणि उरलेल्या वेळात खेळण्यातले घोडे घेऊन त्यांना दुसरे रूप द्यायची. घोडा कापायचा, वाकवायचा, त्यावर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, चढवून नवे स्नायू घडवायचे, घासायचे, रंगवायचे. हा छंद ती मोबाईलवर बघून शिकली होती. देशभरातल्या अशा छंदिष्टांचा एक ग्रुप होता. त्यात सगळे आपापल्या घोड्यांचे फोटो टाकत आणि एकमेकांच्या घोड्यांतले दोष काढत. घोड्याचा गुडघा जरा जाड झाला तरी तिथे दिवसभर चर्चा चाले.

सदफचे वडील गनीभाई वरातीच्या घोड्यांसाठी मखमली झुली शिवत. हिलाल नाना त्यांचे जुने गिऱ्हाईक. नानांकडे पाखरी नावाची पांढरीशुभ्र मारवाडी घोडी होती. बावीस वर्षे तिने साक्रीपासून धुळ्यापर्यंत नवरदेव मिरवले. नानांची दृष्टी काचबिंदूने हळूहळू गेली, तरी ते वरातीत पाखरीच्या तोंडाशी चालत. लोक गमतीने म्हणत, नाना घोडीला नेत नाहीत, घोडीच नानांना नेते. एका हिवाळ्यात पोटशूळ उठला आणि पाखरी एका दिवसात गेली.

गनीभाई आणि सदफ भेटायला गेले, तेव्हा नाना रिकाम्या गोठ्यात बसले होते. बोलता बोलता त्यांचा हात सारखा वर उचलला जाई, हवेत काहीतरी शोधी आणि परत मांडीवर येई. सदफने ते पाहिले. बसमध्ये बसल्या बसल्या तिने वडिलांना सांगितले की नानांसाठी ती पाखरी घडवणार. नानांना दिसत नाही, म्हणून रंगापेक्षा आकार नेमका हवा. त्यांच्या हाताला पाखरी भेटली पाहिजे.

त्या कामासाठी तिने मला निवडले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते, आणि सर्वांत दुखरेही. तिने मला चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरून माझे पाय मऊ केले आणि पाखरीसारखा मागचा एक पाय सैल वाकवला. तिची आई आबेदा दारातून म्हणाली, आमच्या घरी पाहुण्यांना आता घोड्याचा काढा मिळेल. मग करवतीच्या पात्याने सदफने माझी मान कापली, पाचर घालून तिला कमान दिली. नळाची गळती बुजवायला वापरतात ती दोन भागांची लांबी मळून छाती भरली, पोट ओघळते केले. बावीस वर्षे राबलेल्या घोडीचे पोट तसेच असते. घोड्याचा मी घोडी झालो. सर्वांत शेवटी तिने माझे कान उडवले आणि बारीक तारेवर नवे कान घडवले, टोके एकमेकांकडे वळणारे, मारवाडी घोड्यांचे असतात तसे.

आता नीट ऐका. पाखरीचा उजवा कान फाटलेला होता. शिंगरू असताना काटेरी तारेत अडकून त्याच्या कडेचा तुकडा गेला होता आणि तिथे खाच राहिली होती. लग्नघरात फाटक्या कानाची घोडी कोणाला आवडणार? म्हणून गनीभाई तिच्या मुखवट्यावर जरीची टोपी शिवायचे, खाच दिसू नये अशी. सदफला मात्र गोठ्यातला, टोपी नसलेला एक फोटो मिळाला होता. त्यात पाहून तिने माझ्या उजव्या कानाला तांदळाएवढी खाच ठेवली. तिच्या हातून घडलेले ते सर्वांत खरे काम होते.

तिने माझा फोटो ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत शंभरजणांनी कौतुक केले आणि बहुतेकांनी शेवटी एकच गोष्ट लिहिली. उजवा कान तुटलेला दिसतो, तेवढा नीट कर. सदफने समजावून पाहिले. एकाने लिहिले की मुद्दाम ठेवलेला दोषसुद्धा पाहणाऱ्याला चूकच वाटतो. तिने गनीभाईंना विचारले. त्यांनी मला दिव्याखाली फिरवून पाहिले. आयुष्यभर जे झाकले, तेच आता पोरीने उघडे ठेवलेले त्यांना बघवेना.

"बीस साल मैं वो कान छुपाता रहा, बेटा," ते म्हणाले. "भर दे. नाना की घोडी अच्छी दिखनी चाहिये."

सदफने लांबीचा कण मळला, खाच बुजवली, कड घासून सारखी केली. दोघांच्याही मनात नानांबद्दल प्रेमच होते. फक्त नानांना विचारायचे कोणाला सुचले नाही.

फाल्गुनात ती मला घेऊन खेड्यावर आली. नानांची सून रूपा हिने चहा ठेवला. सदफने मला नानांच्या हातात दिले. त्यांचे हात माझ्या कपाळावरून निघाले, मानेच्या कमानीवरून पाठीवर गेले, सैल सोडलेल्या पायाशी थांबले. पोटाला हात लागताच नाना हसले. मग त्यांचे बोट उजव्या कानावर आले. कडेने वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. नखाने त्यांनी कड चाचपली. मला वाटले, आता ते बोलतील. सदफ त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. तिची बोटे लांबीने आणि घासकागदाने सोलली होती. नानांनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांना ती बोटे कळली असावीत.

"तीच शे," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "मनी पाखरीच शे." म्हणजे, माझी पाखरीच आहे.

सदफ रडली. रूपा म्हणाली, बरे झाले, ही घोडी चारा तरी मागणार नाही. सगळे हसले. सदफ शेवटच्या बसने समाधानाने घरी गेली. नाना तिच्यासाठी खोटे बोलले, हे त्या घरात फक्त मला माहीत होते.

नानांची खरी गोष्ट मला पुढे दुपारच्या वेळी कळली. घरी कोणी नसले की ते मला मांडीवर घेत आणि माझ्याशी बोलत. बँड सुरू झाला, फटाके फुटले की पाखरी बिथरायची. तेव्हा नाना टोपीखाली हात घालून कानाच्या त्या खाचेत अंगठा ठेवत आणि हलकेच दाबत. घोडी लगेच शांत होई. डोळे गेल्यावर तीच खाच नानांनाही शांत करी. अंधारात त्यांना ती एक जागा नेमकी सापडायची.

"पोरनी इतली मेहनत करी," ते मला म्हणत. "तिले कसं सांगू, हाई पाखरी न्हई म्हनीसन?"

एका दुपारी त्यांनी पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. मला गुडघ्यात घट्ट धरले. बोटांनी माझा उजवा कान शोधला आणि जिथे खाच असायला हवी तिथे अडकित्त्याचे टोक लावले. एवढासा तुकडा काढायचा होता. जनावरांवर फिरलेला तो हात फार हलका होता, पण माझा कान नखाएवढा आणि लांबी वाळून काचेसारखी ठिसूळ झालेली. कट्‌ असा आवाज झाला आणि मुळापासून सगळा कान गेला. नाना जमिनीवर उतरले आणि गुडघ्यांवर रांगत कान शोधू लागले. खाटेखाली, उंबऱ्याशी, पुन्हा खाटेखाली. शेवटी रूपा आली, तिला तो सापडला.

"हातम्हाईन पडना," नाना म्हणाले. "पोरले सांगू नको."

रूपाने ऐकले नाही. नानांना वाईट वाटते आहे एवढेच तिला दिसले आणि तिने सदफला फोन केला. सदफ पुढच्या रविवारी आली. नानांवर ती जराही रागावली नाही. पडायचेच, प्लॅस्टिक आहे, म्हणाली. तिने मला धुळ्याला नेले आणि नवा कान घडवला. या वेळी तारही जाड, लांबीही चांगल्या प्रतीची, कड आरशासारखी गुळगुळीत. असा कान की तुटणार नाही. मी ओरडून सांगत होतो, पण ज्याचे तोंड चिकटवून बंद केलेले आहे त्याचे कोण ऐकणार? परत आल्यावर नानांनी कानावरून बोट फिरवले, तिला आशीर्वाद दिला आणि जेवून जायला सांगितले. त्या दिवशी त्यांनीच रूपाला मला कपाटात ठेवायला सांगितले.

त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. नाना खूप थकले आहेत. मला मांडीवर घेणे त्यांनी सोडले. परवा मात्र त्यांनी रूपाकडून मला मागून घेतले. कितीतरी वेळ त्यांची बोटे माझ्या दोन्ही कानांवर फिरत राहिली. एकदा या कानावर, एकदा त्या. कपाळावर आठ्या पडल्या.

"रूपा," त्यांनी विचारले, "तिना कोनता कान फाटेल व्हता? डावा का उजवा?"

रूपा पीठ मळत होती. गोठ्याचे सगळे काम नाना एकटेच करत, त्यामुळे तिने पाखरी नेहमी वरातीला निघताना, टोपी घातलेलीच पाहिली होती.

"दोन्ही कान चांगला शेतस ना, नाना," ती म्हणाली.

नानांनी माझ्या कानांवरून बोटे काढून घेतली. त्यांच्या हातांत राहिलेली पाखरी माझ्या गुळगुळीत कानांनी पुसून टाकली होती. मित्रांनो, मला माहीत होते. उजवा, नाना, उजवा. मी त्यांच्या तळहातावर उभा होतो आणि मला तो एक शब्द सांगता येत नव्हता. त्यांनी मला रूपाच्या हाती परत दिले.

मुलांनो, तुमचे हात अजून लहान आहेत, पण उद्या तुम्हीही कोणासाठी काही दुरुस्त कराल, काही घडवाल. ते सुंदर करण्याआधी त्या माणसाजवळ बसा. त्याला काय हवे ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा. मला कोणी काही विचारायला येणार नाही. पण नाना अजून ओट्यावर बसलेले असतात. कोणी साक्रीकडे गेलात तर त्यांना सांगा, उजवा.