हाजी मिझहरकडची कॉफी

सरकार पडलं ते साल दोन हजार तीन, महिना एप्रिल. बगदादेत त्या आठवड्यात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घरी नेलं. खुर्च्या, पंखे, दारांच्या चौकटी, शाळेतले फळे. एक जण कुठल्याशा कचेरीचा आरसा पाठीला बांधून चालला होता आणि त्यात मागची जळती इमारत दिसत होती. पुलावर परक्यांचे रणगाडे उभे होते. सैनिक नुसते बघत होते.

बद्रियाही उंबऱ्यावर बसून बघत होती. नवल करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. इराणच्या लढाईत मुलगा शाकिर गेला, त्यानंतरच्या लढाईत नवरा. आता ही तिसरी. कधी काळी याच गल्लीतली माणसं उन्हाळ्यात दारं उघडी टाकून गच्चीवर झोपायची आणि सकाळी कुणाची चप्पलसुद्धा हललेली नसायची.

समोरच्या हाजी मिझहरचा मुलगा सत्तार एका संध्याकाळी टेम्पोतून मोठा हिरवा जनरेटर घेऊन आला. भिंतीला लावला, वर गोणपाट टाकलं आणि घराघरात वायरी ओढून दिल्या. बद्रियाकडेही एक दिवा आला.

"कुठून आणलास रे?" तिनं विचारलं.

"बाजारातून, खाला." त्यानं घरच्या फ्रिजमधली बाटली पुढे केली. "तुम्ही आपलं गार पाणी प्या."

ती पाणी प्यायली. पुढे काही विचारलं नाही.

मुलगी हैफा तिच्याकडेच होती. दिवस भरले होते, आणि नवरा बसऱ्याच्या आघाडीवरून परतला नव्हता. गुरुवारी सकाळी बद्रिया तिला नदीकाठच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तीन रात्री झोपल्या नव्हत्या. त्यांनी पोट चाचपलं आणि बद्रियाला बाजूला घेतलं.

"बाळ आडवं आहे, आजी. पोट उघडावं लागेल. आणि उघडायचं कशाच्या जोरावर? दिवा नाही, यंत्रं बंद. जनरेटर उचलून नेला आमचा."

"केव्हा?"

"सोमवारी. आम्ही हातापाया पडलो. हिरवा होता, मोठा. आज हिला कळा नाहीत. त्या सुरू झाल्या की माझ्या हातात काही नाही."

हैफाला तिथेच खाटेवर निजवून बद्रिया घराकडे निघाली. रस्ताभर तिला तोंडातल्या त्या गार पाण्याची चव आठवत होती.

हाजी मिझहर मूळचे फुरात नदीकाठच्या खेड्यातले. शहरात सगळे चहा पितात, पण हाजींच्या बैठकीत निखाऱ्यावर पितळी किटली आणि कडू कॉफी कायम. बद्रिया एरवी मागच्या दारानं त्यांच्या बायकोकडे, फखरियाकडे जायची. आज ती सरळ पुरुषांच्या बैठकीत शिरून गादीवर बसली. हाजी गडबडले, पण त्यांनी बिनकानाच्या कपात घोटभर कॉफी ओतून पुढे केली.

तिनं कप घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

बैठकीतले दोघे-तिघे बोलायचे थांबले. हाजींच्या गावाकडे पाहुण्यानं कप असा खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच: माझं एक मागणं आहे, ते मान्य करा, मगच पिईन. आणि यजमान काय मागता असं विचारत नाही. विचारलं तर त्याचाच हलकेपणा.

"शाकिरच्या आई," हाजी हसून म्हणाले, "ही पुरुषांची रीत तुम्ही कधी शिकलात? प्या, प्या. मागाल ते दिलं." त्यांना वाटलं असावं, हिला फ्रिजसाठी जाड वायर हवी.

"हाजी, भिंतीपाशी आहे तो जनरेटर दवाखान्याचा आहे. माझी हैफा तिथे पडलीय. तो परत पाठवा."

हाजींचा चेहरा उतरला. दारातून सत्तार ओरडला, "वा, खाला! सगळं शहर लुटलं जातंय आणि चोर काय आम्हीच? मी नसता आणला तर दुसऱ्यानं नेला असता!"

"नेला असता," बद्रिया म्हणाली. "मग मी त्याच्या दारात बसले असते."

"बाबा, तुम्ही तरी बोला!"

"टेम्पो काढ," हाजी म्हणाले.

"पण..."

"मी शब्द देऊन बसलोय. टेम्पो काढ." मग बद्रियाकडे न बघता ते हळूच म्हणाले, "आधी सांगायचं होतंत."

"आधी सांगितलं असतं तर दिला असतात?"

हाजी उठून चपला शोधू लागले.

वायरी सुटल्या तशी गल्लीभर कुरकुर झाली. फखरियानं कपाळावर हात मारला, "माझं मांस नासणार आता! घ्या, करा हिचं बाळंतपण!" कोपऱ्यावरची न्हावीण म्हणाली, "काल दिवा लावून घेताना बरं नाही आठवला दवाखाना?" बद्रियानं ऐकून घेतलं. खोटं काही नव्हतं त्यात. सत्तारनं शिव्या देत टेम्पो चालवला. मागे जनरेटरला टेकून हाजी जुनी बंदूक मांडीवर घेऊन बसले, वाटेत दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून. बद्रिया पुढे बसली. कपातली कॉफी तशीच राहिली.

दुपार कलायच्या आत हैफाला मुलगी झाली.

तो जनरेटर दवाखान्यात आठवडाही टिकला नाही. दुसऱ्या वस्तीतले लोक आले आणि घेऊन गेले. डॉक्टरीणबाई पुढच्या वर्षी अम्मानला निघून गेल्या. हैफाचा नवरा मे महिन्यात अनवाणी चालत घरी आला, आणि काही वर्षांनी ती तिघं स्वीडनला गेली. मुलगी आता तिथे दात दुरुस्त करायला शिकते. फोनवर अरबी अडखळत बोलते. सत्तार नव्या पोलिसात भरती झाला. एका सकाळी कामावर गेला तो परत आला नाही. जनरेटर गेल्यापासून टाकलेलं बद्रियाशी बोलणं फखरियानं त्यानंतर पुन्हा सुरू केलं. दोघींचेही मुलगे गेले होते, आता तेच एक बोलायला होतं.

हाजी त्याआधीच गेले, लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. तोवर बद्रिया दिसली की म्हणायचे, "मागणं घेऊन गेलात आणि माझी कॉफी टाकून गेलात. आमच्याकडे याला अपमान म्हणतात." ती म्हणायची, "येईन हो एकदा प्यायला." पण दिवसच तसे होते, जाणं राहून गेलं.

त्यांच्या दुखवट्याच्या मांडवात रीतीप्रमाणे कडू कॉफीच फिरवली. बायकांच्या बाजूला कप आला. बद्रियानं तो हातात घेतला, खाली ठेवला नाही, आणि एका घोटात रिकामा केला. फार कडू होती. तिनं आणखी एक मागून घेतला.