आगबोटीतली घागर

"कुसामावशी, ही कुणी घासली?"

सुनीलने विचारलं तेव्हा कुसाबाईला वाटलं, आता शाबासकी मिळणार. घागर झळकतच होती तशी. चिंच आणि राख घेऊन अख्खी दुपार तिने त्या घागरीवर घालवली होती.

"मीच की. लय खराब झाली व्हती."

सुनील मटकन खाली बसला.

शंभर वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याजवळ एक आगबोट बुडाली. तिच्यात नाशिकच्या पितळी घागरी होत्या. बुडालेल्या जहाजांचा शोध घेणाऱ्या सुनीलच्या पाणबुड्यांनी दोन हंगाम खपून त्यातल्या थोड्या वर काढल्या. मीठ उतरावं म्हणून त्या गोड्या पाण्याच्या टबात ठेवायच्या आणि पाणी रोज बदलायचं, एवढंच काम त्याने कुंदनशेठच्या भांड्यांच्या कारखान्यावर सोपवलं होतं. शेठने ते कुसाबाईला दिलं. पण उभा जन्म भांडी उजळण्यात गेलेल्या बाईला डोळ्यांसमोर हिरव्या, शिंपल्यांनी बरबटलेल्या घागरी असताना घास गोड लागेना. शेवटी तिने एक ओढलीच.

"मावशी, प्रदर्शनात लोक ते शिंपलेच बघायला येणार होते. ही आता बाजारातल्यासारखी झाली." मग तो शेठकडे वळला. "बाकीच्या घागरींना यांचा हात लागू देऊ नका."

ते तिला फार लागलं. तिच्या हाताला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

"ठिवून घ्या तुमची घाण," ती पुटपुटली. वाया गेलेली घागर तिने नळाखाली भरली आणि कामगारांसाठी दाराशी ठेवली. "एवढी वर्सं पाण्यात काढली, पन कुनाला घोटभर पाजलं नाय हिनं."

सकाळी येऊन बघते तर घागर रिकामी आणि फरशी ओली. तिने घागर उजेडाकडे धरली. बुडाला बारीक बारीक भोकं होती. खाऱ्या पाण्याने पितळ खाल्लं होतं आणि शिंपल्यांनी ती भोकं बुजवून ठेवली होती. ते शिंपले तिनेच खरवडून काढले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनील आला तशी ती घागर घेऊन पुढे झाली.

"चुकलं माझं, साहेब. ही गळती. पन बाकीच्या माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. घासायची नाय मी."

सुनीलने घागर हातात फिरवून पाहिली. मग बाकीच्या घागरींचा टब पायाने तिच्याकडे सरकवला.

तो सगळा पावसाळा तिने पाणी बदललं, दुसरं काही केलं नाही. हात चिंचेकडे जायचा, तो ती परत आणायची.

दिवाळीनंतर प्रदर्शन भरलं. कुसाबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. काचेआड घागरी ओळीने मांडल्या होत्या, शेवटी तिची चकचकीत. गर्दी त्या घागरीपाशीच.

"हीच तेवढी नीट राखलीय," एक बाई नवऱ्याला म्हणाली.

कुसाबाई हिरव्या घागरींपुढे जाऊन उभी राहिली. काचेवर कुणाच्या तरी बोटांचे डाग पडले होते. तेवढे तिने पदराने पुसले.