साध्या संध्याकाळी चांदीची बटणे

मित्रांनो, मी एक किल्ट आहे, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष कमरेला नेसतात तो चुण्यांचा घागरा, आणि आता बराच जुना झालो आहे. स्काय बेटावरच्या एका शिवणारणीने आठ वार चौकडीच्या लोकरी कापडाला हाताने एकेक चुणी घालून मला घडवले. मला मेंढपाळ हेक्टर नेसायचा. गावच्या सभागृहात नाचगाणे असले की माझ्यावर करडा स्वेटर, घोट्यापर्यंत उतरवलेले जाड मोजे, पायांत रोजचेच बूट आणि पुढे साधी चामडी पिशवी. लोक म्हणत, "किल्ट नेसावा तर हेक्टरने." मलाही ते पटे.

हेक्टर गेला. मी चार वर्षे पेटीत पडून राहिलो, कसरीने माझी कड खाल्ली. मग त्याचा मुलगा टॉर्किल ग्लासगोहून आला. शेजारच्या इशबेलकाकूंना ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. निमंत्रणावर स्पष्ट लिहिले होते, 'साध्या कपड्यांत या.' आणि या शहाण्याने काय करावे? चांदीच्या बटणांचा काळा कोट, गळ्यात बो, पुढे केसाळ कातड्याची पिशवी, मोज्यात खोचलेली मिरवायची सुरी! वर मला पोटाखाली असा बांधला की मी गुडघ्यांखाली लोंबत होतो. याच्या कमरेपेक्षा कसर बरी, असे मला वाटले.

सभागृहात सगळे स्वेटरमध्ये. काकूंनी दारातच त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"माझ्या वाढदिवसाला आलायस, का मला पुरायला?"

आत हशा पिकला. मी तर खूशच झालो. टॉर्किल जायला वळला, मग थांबला.

"बाबांना पोचवायला आलो नव्हतो, काकू. वाटलं, निदान आज तरी कुणी नाव ठेवू नये."

"ते तर चार वर्षं ठेवतोच आहोत," काकू म्हणाल्या. "बटणांनी लोक थांबणारेत होय? काढ तो कोट. बो पण काढ. बाह्या वर कर आणि चल नाचायला. आज तुझ्याबरोबर नाचेल अशी मी एकटीच आहे इथे."

त्यांनीच पट्टे आवळून मला कमरेवर चढवले. टॉर्किलने तीनदा त्यांचा पाय तुडवला. नंतर दोघेतिघे त्याच्याशी बोलले. सगळे नाही.

मित्रांनो, माझे मन त्याच्याविषयी अजून निवळलेले नाही. घरी येताच त्याने मला चुरगाळून पेटीत कोंबले. लोकरीला टांगून ठेवावे, अधूनमधून ऊन दाखवावे, एवढे तुम्ही तरी पाळा. आणि घरचे म्हातारे माणूस बोलावत असेल, तर असाल त्या कपड्यांत निघा. हेक्टर शेवटचे तीन दिवस दाराकडे पाहत होता. मी समोरच्या खुंटीवर होतो.